ग्यानूच्या सनईला जुळवलेला हार्प

मेमसाहेब विलायतेला जाताना म्हणाली, "शंकर, शिवणयंत्र घे, नाहीतर हार्प घे. दोन्हीतलं एक." मी हार्प घेतला.

ग्यानू, ही गोष्ट मी तुला किती वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी तू ह्याच ठिकाणी मांडी आपटून हसायचास. आता सांगताना इथं आलो की थांबायला होतं. तुझं हसू यायची जागा मोकळी राहते आणि समोरचा माणूस म्हणतो, "बरं, मग?" माझ्या बायकोला, गंगूला, तर ह्यात हसण्यासारखं कधी काही दिसलंच नाही. यंत्र घेतलं असतं तर अख्ख्या चिंचवडातल्या चोळ्या आपल्या ओसरीवर शिवून झाल्या असत्या, हे तिचं म्हणणं, आणि ते खोडून काढायला माझ्यापाशी काही नाही. खडकीच्या बंगल्यावर मी बेअरा होतो. चहाचा ट्रे न सांडता आणणं एवढीच माझी कला. मेमसाहेबाची बोटं वातानं आखडली, म्हणून तिच्या त्या माणसाएवढ्या हार्पच्या तारा पिळायची चावी माझ्या हातात आली. चावी आली तशी हळूहळू बोटंही तारांवर गेली. साहेब क्लबात गेला की ती मला एखादी गत शिकवायची आणि "गुड, शंकर" म्हणायची. "गुड" तर ती कुत्र्यालाही म्हणायची, हे माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला. तोवर मी स्वतःला कलावंत समजून बसलो होतो.

तुझं तेरावं झालं. पंगतीत मीच वाढत होतो. भात संपत आला, मठ्ठा आला नव्हता, आणि मी मागं वळून मोठ्यानं ओरडलो, "ग्यानू, मठ्ठ्याची बादली आण रे!" सगळी पंगत घास हातात धरून बसली. सखूवहिनींनी पदर तोंडाला लावला. मग तुझ्या संबळवाल्यानं गुपचूप बादली आणली आणि माझ्या हातात दिली. तुझ्या तेराव्यालाही मी बेताल झालो. तू असतास तर चारचौघांत सांगितलं असतंस, "म्या म्हनलं न्हवतं? ह्यो कुटंबी चुकतो."

तुला लिहायला बसलोय ते रडायला नव्हे. तक्रार आहे. मी पुरता अडकलोय, आणि अडकवून तू निघून गेलास. दुसऱ्या कुणाकडं जाऊ?

ऐक. पिंपरीत औषधाचा कारखाना निघालाय तिथं मला घेतायत. बाटल्या धुवायच्या खात्यात, कायमची जागा. खडकीत काचेची भांडी पुसलेला माणूस म्हणून माझं नाव कुणीतरी पुढं केलं. बाटली धुणं मला येतं, ग्यानू. ते एक मला खरंच येतं. पण तिथला कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "तुम्ही वाजंत्री ना? मग राहू द्या. लग्नसराई आली की गावची माणसं दांड्या मारतात. त्यात तुम्ही तर वाजवणारे, म्हणजे वैशाख संपेपर्यंत तुमचं तोंड दिसायचं नाही."

मी म्हणालो, "सोडलं साहेब वाजवणं."

"वाद्य विकलंत?"

"विकतोय."

"विकलं की या. त्याआधी येऊ नका."

विकायलाही गिऱ्हाईक आहे. पुण्याच्या कॅंपातल्या हॉटेलातला गोवेकर बॅंडमास्तर कधीपासून मागतोय. म्हणजे दार उघडंच होतं. गंगूनं तर जुन्या सतरंजीत हार्प गुंडाळून सुंभाच्या गाठीही मारून ठेवल्या होत्या. पण त्या दारात तू आडवा पडलायस. तुला दिलेला शब्द आडवा पडलाय.

त्या शब्दाचं पुढं सांगतो. तुझ्यासमोर सरळ गोष्ट सांगायची मला सवय नाही, आणि तुलाही ती कधी आवडली नाही.

तू पहिल्यांदा भेटलास तो पुनावळ्याच्या मांडवात. कुणा हौशी पाटलानं खडकीत मला ऐकलं होतं, म्हणून बोलावलेलं. बैलगाडीत हार्प उभा बांधून आणला. पोरं गाडीमागं धावत होती. कुणी म्हणालं माग आलाय, कुणी म्हणालं सर्कस आली. मांडवाच्या दाराशी तू उभा होतास, सनई कमरेला खोचलेली, मुंडासं कपाळावर ओढलेलं. गावातल्या लग्नांत वाजवायचा मान तुझ्या घराचा, आज्या-पणज्यांपासूनचा. मला परत पाठवलं असतंस तर कुणी तोंडातून ब्र काढला नसता.

"ही बाज कुनाची?" तू विचारलंस.

"बाज नाही. हार्प आहे."

"मंग उबी का केलीया? निजायचं कसं हिच्यावर?"

सगळा मांडव हसला. तेव्हापासून पंचक्रोशीत त्या वाद्याचं नाव बाज पडलं आणि मी बाजवाला झालो. मी तोऱ्यात वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली. तू डोळे मिटून ऐकलंस. मला वाटलं, जिंकलं.

"पानी सांडल्यावानी वाजतंय. ग्वाड हाय," तू म्हणालास. "पर सूर खोटा हाय."

"सूर विलायती आहे."

"आसंल. हितं पुनावळ्यात खोटा हाय." तू सनई काढून एक लांब सूर धरलास आणि थांबलास. "हे बग. हिला भोकं पाडून झाली. ती काय आता सरकत न्हाईत. तुज्या तारा सरकत्यात का न्हाई?"

"सरकतात."

"मंग कुनी सरकायचं? सनई नवरा हाय, राव. नांदायला तू यायचंस."

आणि मी, मेमसाहेबाचा पट्टशिष्य, चावी काढून एकेक तार तुझ्या सुरावर आणत बसलो. लग्नघरचे लोक कणकेच्या पराती घेऊन माझ्या अंगावरून जात होते. त्या दिवशी जुळवलेला सूर मी अजून बदललेला नाही. आतड्याची तात तुटली तर पिंजाऱ्याकडची घालून घेतली, कधी क्लबातल्या रॅकेटची, पण जुळवली ती तुझ्याच सुराला. सासरी गेलेल्या बाईनं माहेरचं बोलणं विसरावं तसं झालं माझं.

त्याची फळं मला कॅंपात मिळाली. बॅंडमास्तरानं एका मोठ्या जलशात मला बसवलं. पियानो, व्हायोलिनं, काळे कोट. मला वाटलं, सुटलो. आता उन्हातल्या बैलगाड्या नाहीत, मांडवातली धूळ नाही. गंगूनं सदऱ्याला इस्त्री केली. तू मागच्या खुर्चीवर धोतर सावरून बसला होतास, शेजारच्या बाईच्या टोपीकडं टकामका बघत. पियानो सुरू झाला आणि मी मोठ्या झोकात तारा छेडल्या. पियानो आणि मी एकाच खोलीत दोन वेगळी लग्नं लावत होतो. बॅंडमास्तराचं तोंड लिंबू चावल्यासारखं झालं. मधल्या सुट्टीत तो आतल्या खोलीत आला.

"अरे बाबा, हा कुठला सूर? काळ्या पट्टीत नाही, पांढऱ्या पट्टीत नाही. दोघींच्या फटीत पडलायस तू!"

"पुनावळ्याचा सूर आहे," मी म्हणालो.

"मग तिथंच वाजव!"

पुढचा अर्धा जलसा मी पडद्यामागं बसून ऐकला. परतीच्या वाटेवर मी चिडून तुला म्हणालो, "तुझ्यामुळं झालं हे. तुझ्या सनईचा सूर जगातल्या कुठल्याच वाद्याशी जुळत नाही. मी फटीत पडलोय, ग्यानू."

तू बिडी पेटवलीस आणि शांतपणे म्हणालास, "मंग फटीत ऱ्हायचं. तितं दुसरं कुनी येत न्हाई."

ह्याच्यावर मी काय उत्तर द्यायला हवं होतं, ते अजून शोधतोय. सापडलं की तुला सांगावंसं वाटायचं. आता सापडून उपयोग नाही.

सांगवीचं लग्न मात्र तू मला मरेपर्यंत ऐकवलंस. मंगलाष्टकं चालू असताना वाजंत्र्यांनी गप्प बसायचं. दर श्लोकाला "सावधान" येतं, अक्षता पडतात, तरी गप्प. शेवटच्या "सावधान"ला भटजी हात वर करणार, मग आपण वाजवणार, अंतरपाट ओढला जाणार, हार पडणार. लहान पोरालाही हे कळतं. पण हार्पमागं बसलेल्या माणसाची एक अडचण असते. त्याला सगळं जग तारांमधून दिसतं, तुरुंगाच्या गजांतून दिसावं तसं. मला गजांपलीकडं एक हात वर गेलेला दिसला. तो मुलीच्या मामाचा होता, माशी हाकलत होता. मी सगळ्या तारांवरून बोटं ओढली. संबळवाल्यानं माझ्यामागं टिपरू घातलं. अंतरपाट धरणाऱ्यांनी अंतरपाट सोडला. आणि त्या भाबड्या पोरीनं नवऱ्याच्या गळ्यात हार घालूनही टाकला. भटजी श्लोकाच्या मधोमध तोंड उघडं ठेवून उभे.

"थांबा! थांबा! मुहूर्त व्हायचाय अजून!"

"हार पडलं की वो महाराज," मामा म्हणाला. "आता काय काडून घ्यायचं?"

बायका कुजबुजायला लागल्या. वराकडचा एक म्हातारा "अपशकुन" म्हणून उठला. आणि तेव्हा, ग्यानू, तू सनई लावलीस. लावलीस ती सोडलीच नाहीस. गाल फुगवून, नाकानं श्वास ओढत, एकदाही न थांबता तू वाजवत राहिलास. लोकांना वाटलं, असंच असेल. कुजबुज थांबली, म्हातारा खाली बसला, बायका अक्षता टाकू लागल्या. तुझ्या मानेच्या शिरा वर आल्या, डोळे लाल झाले, तरी सनई चालूच. भटजी घड्याळ हातात धरून तुझ्याकडं बघत राहिले. मुहूर्ताची घटका आली, गेली, मग तू सनई खाली ठेवलीस.

"महाराज," तू धापा टाकत म्हणालास, "मुहूर्ताला सनई वाजत हुती का न्हवती?"

"होती," भटजी म्हणाले.

"मंग लागलं लगीन."

ते जोडपं सुखात आहे. थोरला मुलगा आता शाळेत जातो. मला रस्त्यात भेटले की दोघं हसतात, आणि मी धोतराचा सोगा नीट करत दुसरीकडं बघतो. त्या दिवशी मी तुझे आभार मानले नाहीत. गाडीत बसल्यावर तुला म्हणालो, "मामाची चूक होती." तू एवढा हसलास की गाडीवाल्यानं बैल थांबवले.

आता सांगतो, मी सुटायला बघत होतो ते आजकालचं नाही. सनई आणि संबळ चालू असताना माझं वाजवणं मलाही ऐकू यायचं नाही. लोक बाज बघायला यायचे, ऐकायला नव्हे. एका म्हाताऱ्यानं तर तारेला हात लावून विचारलं होतं, ह्यात मासं घावत्यात का? दर सराई संपली की मी म्हणायचो, बास. आणि दर वेळी तू आधीच काहीतरी करून ठेवलेलं असायचंस.

"ग्यानू, मी सोडतो हे."

"सोड की. पर चाकनचा इडा घेतलाय."

"कुणी घेतला?"

"मी."

"तुझा असेल. माझा कशाला?"

"दोन पानं आनली हुती त्यांनी. येक तुज्या नावाचं."

"ते परत दे."

"खाल्लं की मी," तू जीभ काढून दाखवायचास. लालभडक.

लग्नघरच्या माणसानं विडा पुढं केला आणि वाजवणाऱ्यानं तो घेतला, की काम ठरलं. मग अंगात ताप असो, घरात बाळंतपण असो, जायचं. परत करणं म्हणजे त्या लग्नाला नाट लावणं. हे तुला माहीत, मला माहीत, आणि माझ्या नावचे विडे तू परस्पर खायचास. मी तुझ्या तोंडात अडकलो होतो, दुसरं काय?

मग लाऊडस्पीकर आला. पिंपरी कॅंपातल्या लग्नांत आधी, नंतर गावांत. बांबूवर कर्णा बांधायचा, तबकडी लावायची, झालं. तुझं एकच म्हणणं. "भोंगा जेवायला बसत न्हाई, म्हून त्येला बोलिवत्यात." मला मात्र त्यात वाट दिसली. म्हटलं, त्याचं ते बोलायचं तोंड माझ्या हार्पपुढं ठेवू. इतक्या वर्षांनी लोकांना ऐकू तर जाईल.

"आन ऐकल्यावर काय करतील, ह्येचा इचार केलास?" तू म्हणालास.

त्यावर आपलं खरंखुरं भांडण झालं. मी म्हणालो, तुला मी कायम तुझ्यामागंच बसायला हवा. तू म्हणालास, म्होरं बस, बघू. मी म्हणालो, तू मला बांधून ठेवलंयस. तू सनईची फुंकायची जिभाळी ओठांत धरून भिजवत राहिलास, जणू मी तिथं नव्हतोच. तो वाद तिथंच राहिला. मला वाटायचं, तुझ्याकडं उत्तर नाही. आता वाटतं, तू काहीतरी गिळलंस. काय, ते मला काल कळलं. पण आधी शब्दाचं सांगतो.

तुझी छाती धरली, खोकला हटेना. सनई खुंटीला गेली. मी त्या दिवशी पुनावळ्याला आलो तो ठरवून आलो होतो. कारखान्याचं सांगायचं. नदीच्या उतारापासून तुझ्या उंबऱ्यापर्यंत वाक्य पाठ करत आलो. "ग्यानू, मला पिंपरीत जागा मिळतेय, मी वाजवणं सोडतो." साधं वाक्य. मंगलाष्टकापेक्षा सोपं. तू भिंतीला टेकून बसला होतास. अंगावरची बंडी खांद्यावर लोंबत होती, तिच्यात तू पुरत नव्हतास.

"बरं झालं आलास," तू म्हणालास. "तानीचं लगीन धरलंय. मानसं कर्जतकडची हाईत. पोरगा बरा हाय."

"छान झालं."

"बापानं लेकीच्या लग्नात वाजवायचं नसतं. कन्यादान करायचं का सनई फुकायची? म्हून तू वाजीव."

"मी एकटा?"

"मी मांडवात बसून ऐकीन. आजून म्या तुला कदी धड ऐकलंच न्हाई. माजीच सनई चालू आसायची." मग तुला खोकला आला. तो थांबेपर्यंत मी तुझी पाठ चोळत राहिलो. हाताला नुसत्या फासळ्या लागत होत्या. "वाजिवशील न्हवं?"

मी म्हणालो, "वाजवीन."

"इडा द्यायाचा ऱ्हायला," तू म्हणालास. "पान न्हाई घरात." आणि उशाखालची सुपारी काढून माझ्या हातावर ठेवलीस. ती मी खाल्ली, ग्यानू. तिथल्या तिथं. तुझ्यासारखीच परस्पर.

तू मांडवात बसून ऐकणार होतास. तेवढंही तुला जमलं नाही.

तुझ्या पाठीमागं घरातल्यांनी ठरवलं, लग्न वर्षाच्या आत उरकायचं. घरात माणूस गेलं की एक तर वर्षात, नाही तर तीन वर्षं थांबायचं. तानीला किती थांबवणार? मग ह्याच वैशाखात. वराकडचे लोक कर्णा आणणार आहेत असंही कानावर आलं. सांगवीचा एक सनईवाला मी गाठला, म्हटलं, जोडीला ये. चांगला पोरगा, आदबीनं आला, ओसरीवर बसला. मी गंगूच्या गाठी सोडल्या. त्यानं सूर लावला. अर्थातच वेगळा होता. तुझ्याशी कुणाचा जुळला होता कधी?

"काका, तारा जरा उतरवा की," तो म्हणाला.

मी चावी घेतली. पहिल्या लाल तारेच्या खुंटीला लावली. पिळायची होती, ग्यानू, नुसती एवढीशी. बोटात जोर नव्हता असं नाही. पाण्यानं भरलेली घागर मी एका हातानं उचलतो. पण चावी फिरेना. आत तुझा सूर होता. मी तो उतरवला असता तर पुन्हा कुठून आणला असता? तू पुन्हा थोडाच सूर धरणार होतास? पोरगा चुळबुळत बसला. शेवटी मीच त्याला म्हणालो, "अरे, खुंटी गंजलीय." गंगू आतून म्हणाली, "गाठी मारायच्या आधी तर तेल घातलं होतंत." मी तिच्याकडं पाहिलं नाही. पोरगा चहा पिऊन गेला.

म्हणजे बघ. विकावा, तर शब्द मोडतो. ठेवावा, तर जागा जाते; वैशाख संपेपर्यंत कारखाना थोडाच थांबणार? दुसऱ्याबरोबर वाजवावं, तर चावी फिरत नाही. एकट्यानं वाजवावं, तर ऐकायला तू नाहीस. मी घरातल्या घरात फेऱ्या मारत होतो. गंगू म्हणाली, "घाण्याचा बैल तरी तेल काढतो."

काल शेवटी उठलो आणि पुनावळ्याला गेलो. ठरवलं होतं, सखूवहिनींना सांगायचं, मी वाजवणार, कारखाना गेला उडत. वाटेत मला माझाच फार अभिमान वाटत होता. मित्राच्या शब्दासाठी कायमची जागा सोडणारा माणूस! नदी ओलांडताना पाण्यात मी स्वतःचं तोंडही पाहिलं, कसं दिसतंय म्हणून.

ओसरीवर वहिनी आणि तानी अक्षतांचे तांदूळ निवडत होत्या. मी बसलो, पाणी प्यालो आणि सगळं सांगून टाकलं. कारकून काय म्हणाला, बॅंडमास्तर काय म्हणाला, मी कसं सगळ्याला लाथ मारली. वहिनींनी मान वर केली नाही.

"भाऊजी, तुमी कशाला पायावर धोंडा मारून घेताय? जावा कंपनीत."

"पण वहिनी, ग्यानूनं शब्द घेतलाय माझ्याकडून. त्यानं बांधलंय मला."

तेव्हा त्यांचा हात सुपात थांबला.

"त्यांनी बांदलं?" त्या म्हणाल्या. "कारखान्याचं बांदकाम चालू झालं तवा त्यांनाबी बोलिवणं आलं हुतं. राखनदार म्हून. छाती तवा बरी हुती. म्या किती पाया पडले, म्हनलं, जावा, धुरळ्यातनं सुटाल. न्हाई गेले."

"का?"

"म्हनले, म्या गेलो तर शंकऱ्या येकटा त्या बाजंचं काय करनार? त्येला दुसऱ्या कुनासंगं वाजिवता येत न्हाई. म्याच त्येचा सूर बिगाडलाय." त्या पुन्हा खडे वेचू लागल्या. "तुमी सोडतो म्हनला की घरी येऊन हसायचे. म्हनायचे, सोडतो म्हनतंय, जानार कुटं? आन दुसऱ्या दिशी इडा घिऊन यायचे. मला वाटायचं, तुमीच त्यांना सोडत न्हाई."

इतकी वर्षं मी तुला बांधलेला आणि तू मला. दोघंही सुटायला बघत, दोघंही दुसऱ्यासाठी थांबून. आणि एकानंही तोंड उघडून विचारलं नाही. लाऊडस्पीकरच्या भांडणात मी तुला म्हणालो, बांधून ठेवलंयस, तेव्हा तू हेच गिळलंस ना? एक शब्द बोलला असतास! मी तरी कुठं बोललो? नदीपासून पाठ करत आलेलं वाक्य तसंच परत घेऊन गेलो होतो.

"त्यांनी घेतल्याला शब्द म्या ऐकला हुता," वहिनी म्हणाल्या. "त्यो म्या सोडवते. तुमी मोकळं हाय. पायजे तर वाजवा, नको तर जावा."

मी मोकळा झालो, ग्यानू. तुझ्या ओसरीवर, दुपारच्या उन्हात, कुणीही मला धरून ठेवलं नव्हतं. आणि मला उठता येईना.

"वाजवणार मी," म्हणालो. "सनई नको. त्याच्याच सुरात, एकटाच वाजवणार." एवढं धड बोललो, आणि मग माझं तोंड वाकडं झालं. तेराव्याला आलं नव्हतं ते सगळं आलं. हुंदके देऊन, नाक ओढत, टोपी तोंडावर धरून मी रडलो. शेजारची बाई कुंपणावरून डोकावली. वहिनींनी तोंड फिरवलं.

तानी मात्र बघत राहिली. तुझेच डोळे, तसेच बारीक करून. मग सूप बाजूला ठेवून म्हणाली,

"काका, लगीन माजं हाय. रडायचं मी. तुमी वाजवायचं, आन जमलं तर धड."